मित्रास पत्र : कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग

नाशिक,
फेब्रुवारी

प्रिय विठ्ठल,

सप्रेम नमस्कार. वारंवार फवारणी करूनही कोबीवरची अळी हटत नाही, असे तू कळवलेस. कोणते औषध मारावे हे कृषी सहायकांना विचार; मी मात्र तुला त्या जिवाची ओळख करून देणार आहे, कारण ती झाल्याशिवाय त्याचा बंदोबस्त होईल असे मला वाटत नाही.

ही अळी ज्याची, तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग परवा गिरणाऱ्याजवळच्या एका प्लॉटमध्ये मी जवळून पाहिला. लांबी जेमतेम आठ मिलिमीटर, रंग मातकट करडा, मिशा सरळ पुढे रोखलेल्या. आणि पंख मिटले की दोन्ही कडा जुळून पाठीवर फिकट शंकरपाळ्यांची रांग उमटते. पान उलटून अळीला काडी लावली, तर ती वळवळत मागे सरकली, कडेवरून रेशमाच्या धाग्यावर खाली लोंबकळली आणि थोड्या वेळाने त्याच धाग्याने वर चढून पुन्हा खाऊ लागली. अंड्यातून निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरून पोखरते. मोठी झाली की खालून खाते, पण वरचा पापुद्रा बहुधा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. पुढे ती पानाखालीच इतका विरळ जाळीचा कोष विणते की आतला जीव बाहेरून स्पष्ट दिसतो.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातली झाडे चावली गेली की जे झणझणीत द्रव्य तयार होते, ते बहुतेक किडींना सोसत नाही. या अळीच्या आतड्यात मात्र असे विकर (एन्झाइम) असते की द्रव्य तयार होण्यापूर्वीच त्याचा कच्चा माल निकामी होतो. झाडाचे हे संरक्षणच मादीला अंडी घालण्याची खूण ठरते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

आपल्याकडच्या उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत तिची पिढी पूर्ण होते, आणि प्रत्येक फवारणीतून वाचलेल्यांचीच संतती वाढते. जावा बेटावर 1953 मध्येच तिने डीडीटी या कीटकनाशकाला दाद देणे सोडल्याची नोंद झाली; पुढे 1990 मध्ये हवाईतल्या शेतांवरून बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या जिवाणूपासून केलेल्या औषधाबद्दलही तेच प्रसिद्ध झाले. म्हणून मात्रा वाढवून हा प्रश्न सुटेल, हे मला पटत नाही. शिवाय जहाल औषधाने तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही मरतात. मेलेल्या अळीशेजारी तांदळाच्या कणीएवढा घट्ट पांढरा कोष दिसला, तर तो या माशीचा असण्याची शक्यता मोठी. त्याला हात लावू नकोस.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचवलेली पद्धत तू करून पाहा : कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लागवडीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. मादी मोहरीकडे ओढली जाते, मग फवारणी मुख्यतः तिथेच करायची. जोराच्या पावसात लहान अळ्या धुऊन जातात, म्हणून पावसाळ्यात उपद्रव कमी असतो. कोरड्या दिवसांत संध्याकाळी तुषार सिंचन चालवल्यानेही पतंगांच्या मिलनात आणि अंडी घालण्यात अडथळा येतो.

गड्डे काढून झाल्यावर बुंधे मात्र शेतात उभे ठेवू नकोस. त्यांना कोवळे फुटवे येतात आणि पुढची पिढी त्यांवरच पोसली जाते. लगेच नांगरून गाड.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव