मन्या, निषाद कुठला ठेवू?

मिरज, रविवार रात्र

प्रिय मन्या,

गाणं झालं. लिंक मेसेजमध्ये टाकलीय, पण ती उघडायच्या आधी हे सगळं वाच, कारण तू लगेच प्ले दाबणार, अर्धं ऐकून फोन करणार आणि मग मला जे विचारायचंय ते राहूनच जाणार. फाईल वेव्ह आहे, 24 बिट 48 किलोहर्ट्झ, चार मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण 70 एमबी, तेव्हा वायफायवर घे. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकलंस तर बोलू नकोस माझ्याशी, हेडफोन लाव.

माझी तब्येत ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच.

तर ते 'दार लोटून ठेव' वालं. तुला मुखडा फोनवर ऐकवला होता, आठवत असेल:

दार लोटून ठेव, कडी लावू नकोस
येईन मी, न येईन, वाट पाहू नकोस

दादरा तालात, खमाज रागाच्या अंगाने, पट्टी माझी नेहमीची काळी एक. आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकून, दोन बाजूंना गोधड्या टांगून, पंखा बंद करून रेकॉर्ड केलं. घामाने कागद भिजला. लॅपटॉप जुना, रेकॉर्डिंगचा बफर कमी, 128 वर ठेवला की टिकटिक करतो आणि वाढवला की माझाच आवाज मला कानात उशिरा येतो, म्हणून शेवटी एका कानाचा हेडफोन काढून तानपुऱ्यावरच गायलो. तानपुरा नानांचाच. सतारमेकर गल्लीत नेऊन जवारी करून आणली, म्हणजे नाद खुलावा म्हणून घोडी घासून घेतली, घोडीवर तारांखाली नवीन दोरे घातले त्यांनी, आणि मन्या, काय बोलायला लागलाय तो आता! तू ऐकशील तेव्हा पहिली काही सेकंद नुसता तानपुराच आहे, ती मुद्दाम ठेवलीत. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं हे तुला तिकडे कळलं का? त्या वेळी गल्लीत सगळे खूश होते, काम वाढेल म्हणत होते.)

मग मी ते लोकांना पाठवलं. आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आपल्या ग्रुपवर टाकलं तर अंगठे आले, टाळ्या आल्या, फुलं आली. बाप्याने 'एक नंबर भावा' लिहिलं, त्यानंतर लगेच त्याच्या प्लॉटचे फोटो टाकले आणि सगळे तिकडे वळले. त्यांच्यावर राग नाही, प्रेमानेच करतात, पण गाणं चार मिनिटांचं आणि पहिला अंगठा एका मिनिटाच्या आत आला तेव्हा आत कुठेतरी दुखलं, खोटं कशाला सांगू.

कोल्हापूरचा एक रेकॉर्डिस्ट आहे, चुलतभावाच्या ओळखीचा, स्टुडिओत बरीच वर्षं काम केलेला. त्याने मात्र वेळ काढून नीट ऐकलं आणि लांबलचक लिहून पाठवलं. 300 हर्ट्झच्या आसपास गाळ साचलाय, तिथे कमी कर. माईकच्या फार जवळ गायलास म्हणून खर्ज फुगलाय, एक वीत मागे सरक. 'स' आणि 'श' टोचतायत, डी-एसर लाव. दुसऱ्या अंतऱ्यात रेल्वेचा हॉर्न आलाय (जंक्शनच्या गावात राहून गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे हे आलंच), तो हॉर्न नेमका आवाजाच्याच पट्ट्यात बसतो, ईक्यूने काढायला गेलं की माझा गळाही जातो, तेव्हा तेवढी ओळ परत गा म्हणाला. सगळं पटलं मला, सगळं केलं, आणि गाणं खरंच सुधारलं, तुला कळेल फरक. माणूस गुणी आहे, एक पैसा घेतला नाही त्याने.

पण मन्या, त्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये चालीबद्दल एक अक्षर नव्हतं. शब्दांबद्दल नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला चाल छान आहे. बाकीच्यांचंही तेच. एकाने सांगितलं सुरुवातीचा तानपुरा काप, लोक इतकं थांबत नाहीत. एकाने सांगितलं क्लिकवर, मेट्रोनोमच्या ठोक्यावर गा म्हणजे नंतर ढोलकी-बिलकी घालता येईल. एक जण म्हणाला आवाज मोठा कर, आता यूट्यूब स्वतःच मोठं गाणं खाली ओढून सारख्या पातळीला आणतं हे त्याला समजावता समजावता रात्र गेली. सगळे आवाजाबद्दल बोलले, गाण्याबद्दल कोणीच नाही. मला वाटतं आवाजाबद्दल बोलणं सोपं असतं, त्याला आकडे असतात, चालीबद्दल बोलायचं तर माणसाला स्वतःला काय झालं ते सांगावं लागतं. आणि ते आपण कोण कोणाला सांगतो? तू सांगायचास. नाना सांगायचे, म्हणजे काय, 'म्हण परत' एवढंच म्हणायचे आणि आवडलंय की चुकलंय हे आपण रात्रभर भांडत बसायचो. तुझं म्हणणं असायचं की डोळे मिटून 'म्हण परत' म्हणाले तर आवडलं. माझं अजूनही मत आहे की पान लावताना म्हणाले तर आवडलं. हे आता कधीच ठरणार नाही.

आता मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी हे पत्र.

आईने गाणं ऐकलं होतं, म्हणजे तिच्या कानावर पडत होतं, मी आत तेच तेच गात होतो आणि ती बाहेर भाजी निवडत होती. तिने काही मत वगैरे दिलं नाही, मीही विचारलं नाही. परवा ओट्यापाशी भाकऱ्या थापताना ती मुखडा गुणगुणत होती. स्वतःच्या नादात, मी मागे उभा आहे हे माहीत नव्हतं. तुला सांगतो, इतका आनंद मला त्या रेकॉर्डिस्टने 'पास' म्हटलं असतं तरी झाला नसता. आणि मग मी नीट ऐकलं तर ती वेगळंच गात होती.

मी 'कडी लावू नकोस' म्हणताना वरच्या सा ला नुसतं टेकून कोमल निषादावर, उतरलेल्या नी वर येतो आणि तिथेच थांबतो, लोंबकळत. मग दुसरी ओळ खालून उचलतो. आई तिथे शुद्ध निषाद, सा ला लागून असलेला चढा नी लावते आणि सरळ वर सा वर जाऊन बसते. एकदा नाही, प्रत्येक वेळी. ओळ पुरी करून टाकते ती.

मी म्हटलं, आई, मी असं नाही गात. ती म्हणाली, असंच तर म्हणतोस. मी गाऊन दाखवलं. तिने ऐकलं, भाकरी उलटली, आणि परत स्वतःचंच गायली. म्हणाली, हे बघ, तेच आहे.

हसतोयस ना तू? मला ऐकू येतंय. तुला आठवतंय ना कॉलेजातल्या फिरोदिया करंडक स्पर्धेच्या वेळची तालीम, त्या जिन्याखालच्या खोलीत, माझ्या अंतऱ्यावरून आपण किती भांडलो ते? तू म्हणालास की ऐकणारा गुणगुणायला लागला आणि त्याची चाल तुझ्या चालीपासून जिथे सटकली तिथे तुझी चाल कृत्रिम आहे, तिथे तू कारागिरी केलीस. मी म्हणालो की मग सगळ्यांनी आरत्याच कराव्यात. त्यावर तू डग्गा उचलून निघून गेलास, नुसता डग्गा, तबला तिथेच, आणि दुसऱ्या दिवशी तबल्यासाठी परत यावं लागलं म्हणून आपलं बोलणं सुरू झालं. तबला नेला असतास तर आज हे पत्र कोणाला लिहिलं असतं देव जाणे.

मला तुझं तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं आणि आजही नाही. लोक गुणगुणताना सोपं करतात, गळा जिथे सहज जातो तिथे जातात, शुद्ध निषाद तर आपणहून सा कडे ओढतोच. म्हणून काय अवघड जागा ठेवायचीच नाही? गाण्यातला माणूस निघालाय. परत येणार की नाही त्याला स्वतःला माहीत नाही. त्याची ओळ सा वर जाऊन कशी बसेल? त्याला कुठे बसायला मिळालंय? तो कोमल निषाद मी कीबोर्डच्या पट्टीपेक्षा किंचित उतरता लावलाय, तानपुऱ्यात ऐकून ऐकून तिथे आणलाय. ग्रुपमधल्या एकाने हौसेने त्यावर ऑटोट्यून लावून पाठवलं तर सॉफ्टवेअरने नेमका तोच स्वर बेसूर समजून वर खेचला होता. (हे ऑटोट्यून ज्याने 1997 मध्ये काढलं तो आधी तेल शोधायला जमिनीखालच्या लहरींचं गणित करायचा, हे तुला भारी वाटेल म्हणून सांगितलं.) त्या ऑटोट्यूनवाल्याला मी एका मिनिटात नाही म्हणून सांगितलं, जराही डळमळलो नाही. मग आईच्या निषादापाशी का अडकलोय?

कारण मन्या, ते दार तिचं आहे. तुला दुसऱ्या कोणी सांगायला नको. आपण पुण्याहून रात्रीच्या गाडीने यायचो, बेल वाजवायची नाही म्हणून दार नुसतं ढकलायचो आणि ते उघडायचं. कडी कधी लागलेलीच नसायची. आणि ओट्यावर दोन ताटं झाकलेली, तू येणार हे तिला कसं कळायचं तेच मला कळलेलं नाही. गाणं मी जाणाऱ्याच्या बाजूने लिहिलं. ती ते दाराच्या आतल्या बाजूने गातेय. तिच्या बाजूला येणारा आलेला आहे, ताट वाढून झालंय, ओळ सा वर बसली तर चूक काय? दोन दिवस मी हाच विचार करतोय, बँकेत व्हाउचर समोर घेऊन निषाद लावतोय. शेजारच्या टेबलवरची बाई विचारते सर बरं वाटत नाही का.

एक मधला मार्ग सुचला. पहिल्यांदा मुखडा माझा, शेवटच्या अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो तेव्हा आईचा. पण ते मला फार ठरवून केल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून केलेलं. तू असतास तर 'कारागिरी' म्हणाला असतास, आणि यावेळी मी भांडलो नसतो, मलाही ती कारागिरीच वाटते.

तुझं काय चाललंय? घराचा स्लॅब पडला का? वहिनींची बदली झाली असेल तर कळव, आणि पोरीची दहावी यंदा की पुढच्या वर्षी, मला दरवेळी घोळ होतो. तिला म्हणावं काकाने गाणं पाठवलंय, पण परीक्षा झाल्यावर ऐक. तबल्याला हात लावतोस का काही? नसशील लावत तर निदान शाई तरी बघ, पावसाळ्यात उखडते.

तर काम असं आहे. फोल्डरमध्ये दोन फाईल आहेत. एकीत माझा निषाद, एकीत आईचा, बाकी सगळं तेच, तेच टेक, फक्त तेवढी ओळ वेगळी गाऊन जोडलीय. नावं 'अ' आणि 'ब' ठेवलीत. कुठली कुठली हे तुला लगेच कळेल, तुझ्यापासून ते लपणार नाही, म्हणून वेगळंच कर. दोन्ही एकेकदा ऐक आणि सोड. मग चार-पाच दिवस काही ऐकू नकोस. साइटवर जाताना गाडीवर आपोआप जे तोंडात येईल ते फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव, हॉर्न-बिर्न आला तरी चालेल. समजावून सांगू नकोस, पंधरा पानी चर्चा नको, नुसतं गाऊन पाठव.

आणि तिसरंच काहीतरी गायलास तर तेही पाठव. त्यावर मात्र मी भांडणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आई विचारत होती, गणपतीला येतोयस का. बाप्यालाही विचारतो.

तुझा,
दिन्या