चिवनॉरचे सॅपर आणि बाबांची खडकी

ती. बाबा, ती. आई, सा. न.

थंडी आहे पण हीटर चालू असतो आणि मी दोन वेळा नीट जेवते, तेव्हा आई तो विषय बंद. आणि बाबा, फौजेच्या तळाजवळ राहते म्हणून एवढी काळजी कशाला? इंग्लंडमधल्या ह्या चिवनॉरला नुसते रॉयल मरीन्स, म्हणजे ब्रिटिश नौदलाचे कमांडो नाहीत, त्यांच्यासोबतची 24 कमांडो रॉयल इंजिनियर्सपण इथेच आहे, सॅपर म्हणजे फौजेतले इंजिनियर जवान, म्हणजे तुमच्या बॉम्बे सॅपर्सचीच जातकुळी, उलट खडकीत राहिल्यासारखं वाटतं.

मी काम करते त्या वृद्धांच्या केअर होममधले एक काका 1982 ला अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या लढाईत 59 कमांडो स्क्वाड्रनचे सॅपर होते. तिथल्या माउंट हॅरिएट डोंगरावरच्या हल्ल्याआधी सॅपर रात्री पुढे जाऊन सुरुंगांतून वाट शोधायचे, मग मागून कमांडो. काका चादरीवर बोट टोचून दाखवतात, सळई तिरकी घालायची, सरळ वरून नाही, कारण वरून दाब पडला की संपलं. तिथले शेवटचे सुरुंग निघायला 2020 उजाडलं बघा! मी त्यांना तुमच्या बॉम्बे सॅपर्सच्या राणे साहेबांचं सांगितलं, 1948 ला राजौरीच्या रस्त्यावर रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली, परमवीर चक्र मिळालं, तर उठूनच बसले. ह्या इथल्या सॅपरना 13 आठवड्यांचा कमांडो कोर्स पास व्हावा लागतो, शेवटी पाठीवर ओझं घेऊन डार्टमूरच्या माळरानावर 30 मैल 8 तासांत, मग हिरवी टोपी, पण बिल्ला सॅपर्सचाच. सपोर्टवाले म्हणतात त्यांना, पण सगळ्यांच्या पुढे तेच की हो.

इथली एक पद्धत मात्र मला आधी कळेचना. कुणीतरी फॉर्म फिरवतं की मी रविवारी अमुक मैल चालणार, आपण नाव आणि रक्कम लिहायची, ते चालून आले की पैसे जखमी जवानांच्या संस्थेला. म्हणजे चालणार ते, पैसे देणार आपण, आणि चालायचं कशाला, नुसते पैसे द्या ना, असं कुणी म्हणत नाही. वारकऱ्याला आपण चहा-केळी देतो तसंच समजा. मीपण पाच पौंड लिहिले, आई, त्याचे रुपये करत बसू नकोस.

हप्त्याचे पैसे टाकलेत, यावेळी जास्त आहेत, त्यातून धाकट्याच्या साखरपुड्याचा हॉल बुक करा. मला सुट्टी मिळत नाहीये, व्हिडिओ कॉलवर आहेच मी, लग्नाला नक्की येते. नाशिकच्या स्थळाला सध्या थांबा म्हणावं, तोडून नको बोलू. आणि बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका ना, इथे रोज काकांचे गुडघे मी शेकते आणि तुम्ही तिकडे जिना चढताय. खर्चाचं मी बघते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
माई