बंद घराला घरटॅक्स लावा, नसलेल्या नळाची पट्टी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी आरोग्य सेविका आहे. नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. निवृत्तीनंतर राहायला म्हणून माहेरच्या गावात मागच्या वर्षी एक जुनं घर विकत घेतलं. समोरची एक खोली स्लॅबची, मागे मातीच्या भिंती आणि कवेलू, अंगणात कडुलिंब. सध्या त्याला कुलूप आहे. भाऊ मधूनमधून उघडून झाडझूड करतो. या घराची ग्रामपंचायतीची मागणी, म्हणजे कराचं बिल आलं, त्यात विशेष पाणीपट्टीचे 1200 रुपये लावलेले आहेत. घरात नळ नाही.

घर बंद आहे म्हणून घरटॅक्स माफ करा, असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, विशेषतः पुण्या-नागपूरला गेलेले. मला ते पटत नाही. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 124 प्रमाणे पंचायत इमारती आणि जमिनींवर कर बसवते, आणि 2015 च्या दुरुस्तीपासून तो भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर निघतो. जागेचा रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय, वापर निवासी की व्यापारी, एवढं त्यात बघतात. आत कोणी राहतं की नाही याचा तिथे संबंध नाही, आणि नसावाच. आमच्या गल्लीत कितीतरी घरांना कुलपं आहेत. ती सगळी सुटली तर खांबावरचा दिवा, नालीची सफाई, चपराशाचा पगार, सगळ्याचा भार मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर येईल. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुलीच झाली नाही तर हे टक्के कशाचे काढणार? नोकरीच्या गावांत अंगणवाडीच्या साध्या वजनकाट्यासाठी मी थांबलेली आहे, म्हणून हे जीव तोडून लिहिते.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. कायद्यात दोन पाणीपट्ट्या आहेत. सामान्य पाणीपट्टी गावाच्या पाणीव्यवस्थेसाठी असते आणि घरांवर सरसकट बसवता येते. विशेष पाणीपट्टी ही पंचायतीने नळाने दिलेल्या पाण्याची. पहिली मी आनंदाने भरीन. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की नाही हे बघणं, ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासणं, पावसाळ्यात पाण्याचे नमुने तपासणीला पाठवणं हे माझं रोजचं काम आहे. पावडर संपली आणि पंचायतीकडे पैसे नसले की आठ दिवसांत हगवणीचे पेशंट उपकेंद्रात येतात. मी गावात राहत असो वा नसो, त्या विहिरीचं पाणी माझ्या भावाची पोरं पितात.

दुसरी पट्टी कशाची? मागणी घेऊन आलेल्या माणसाने भावाला सांगितलं, "पाइप तुमच्या फाटकालोक आला हाये न भाऊ. नळ घ्या का नका घेऊ, पट्टी तं लागनच." फाटकापर्यंत आलेला पाइप म्हणजे घरात आलेलं पाणी नव्हे. जोडणीचा अर्ज नाही, अनामत नाही, तोटी नाही.

पंचायतीची अडचण मला कळते. नळयोजनेच्या पंपाचं वीजबिल घरं बंद असली तरी येतंच. बिल थकलं की वीज तुटते, आणि बायकांना पुन्हा हातपंपावर रांग लावावी लागते. ती तूट भरायची असेल तर ग्रामसभेत आकडे मांडा, सामान्य पाणीपट्टी नियमाच्या मर्यादेत वाढवा, ठराव घ्या. मी हात वर करीन. पण न दिलेल्या पाण्याचे पैसे बंद घरांच्या नावावर टाकून, मालक बाहेरगावी आहे, विचारायला कोण येतो, या हिशेबाने वसुली करू नका.

माझ्या मागणीत आधीच्या मालकाची थकबाकीही आहे. नमुना 9 मध्ये, म्हणजे पंचायतीच्या करमागणीच्या नोंदवहीत, मागील बाकी आणि चालू कर वेगवेगळ्या रकान्यांत असतात. भावाच्या हातात पडलेल्या कागदावर एकच बेरीज आहे. नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा उतारा काढला तेव्हा कळलं की मागच्या मातीच्या खोल्यांसकट सगळं घर आरसीसी म्हणून चढवलेलं आहे. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, पण दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते तेव्हा कोणी घर उघडून बघितलं असतं तर ती वेळच आली नसती. नवीन घर घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी हे सगळं एका रकमेत मिळतं. त्यातलं न्याय्य काय आणि वाढीव काय, हे त्याने ओळखायचं कसं? माझा नोकरीमुळे पंचायतींशी रोजचा संबंध आहे, म्हणून मी विचारू शकले. कापूस विकून घर घेणारा माणूस एक तर मुकाट्याने भरतो, नाही तर रागाने काहीच भरत नाही. यात पंचायतीचंच नुकसान आहे.

जिल्हा परिषदेला माझी विनंती अशी की, घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी आणि मागील बाकी हे प्रत्येक मागणीपत्रावर वेगवेगळं लिहायला लावावं. विशेष पाणीपट्टीपुढे नळजोडणीची तारीख असावी. तारीख नसेल तिथे रक्कमही नसावी. ज्यांनी नळ घेतला आहे पण घर वर्षभर बंद राहणार आहे, त्यांच्या लेखी अर्जावर जोडणी तात्पुरती बंद करून पोच द्यावी. आणि आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येतं, पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडेही जाता येतं, ही ओळ मागणीपत्राच्या खाली मराठीत ठळक छापावी. मी पाणीपट्टीचं अपील दाखल केलं आहे. घरटॅक्सची चालू रक्कम त्याआधीच भरली.

माझं नाव आणि गाव कृपया छापू नये. भावाला तिथेच राहायचं आहे.

आपली,
एक आरोग्य सेविका