गाडी आडवी घालणाऱ्याला घरी बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यात्रा सुरू झाल्या की आपल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, घोडागाडी शर्यतीत वाद, दोन गटात मारामारी, पोलिसांचा सौम्य लाठीमार वगैरे. कुणाची डोकी फुटली, कुणाच्या गाडीच्या काचा गेल्या हे सगळं त्यात असतं पण वाद मुळात कशावरनं झाला ते एका ओळीत उरकलेलं असतं, ‘गाडी आडवी घातल्याच्या कारणावरून’. मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचंय.

शिरोळ, हातकणंगले, कागल आणि तिकडं पलीकडं निपाणी-चिकोडीपर्यंत घोड्यांच्या शर्यती बऱ्याचदा रस्त्यावरच होतात. बैलांच्या काही मैदानात निदान फाट्या आखलेल्या असतात, ज्याची त्याची वाट वेगळी. रस्त्यावर तसलं काही नाही. मागचा घोडा बाहेरनं निघायला लागला की पुढचा गडी हळूच लगाम ओढून गाडी त्याच अंगाला घेतो, मग मागच्यानं एकतर साइडपट्टीवर उतरायचं नाहीतर भरात आलेला घोडा आवरायचा, आणि एकदा आवरलेला घोडा परत त्या भरात येत नाही हे घोडेवाल्याला सांगायला नको. निशाणाला, म्हणजे जिथनं गाड्या माघारी फिरतात तिथं, वळताना तर विचारूच नका, आतली बाजू धरायला चाकात चाक घालतात. चाक अडकलं तर गाडीवान उडी मारून मोकळा होतो, घोडा मात्र जुंपलेलाच असतो.

आणि मग निकाल काय? कमिटी बसते, दोन्हीकडची चार मोठी माणसं मध्ये पडतात, आणि ‘जाऊदे, बक्षीस वाटून घ्या’ नाहीतर ‘परत पळवा’. दमलेली जनावरं परत पळवायची, ती पण दुसऱ्याच्या चुकीपायी! ज्यानं गाडी आडवी घातली तो पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात दुसऱ्या मालकाचा घोडा हाकत असतो, वर त्याचा रील पण आलेला असतो, ‘नाद खुळा’ लिहून.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इकडं आपल्यासारखीच घोडागाडीची शर्यत असते, हार्नेस रेसिंग म्हणतात. दोन चाकांची हलकी गाडी, एक घोडा, मागं बसलेला ड्रायव्हर, अमेरिका-कॅनडात अंतर साधारण एक मैल म्हणजे १६०९ मीटर, आणि चांगला घोडा ते दोन मिनिटांच्या आत मारतो. घोड्यानं ठरलेल्या चालीतच पळायचं, चौखूर उधळला तर ड्रायव्हरनं त्याला बाजूला घेऊन परत चालीवर आणायचं. त्यामुळं तिथं दुसऱ्याला अडवणं म्हणजे नुसता वेळ खाणं नाही, त्या घोड्याची चाल मोडली की त्याची शर्यत बहुतेक संपल्यातच जमा. म्हणून त्यांचे नियम या बाबतीत लई कडक. मागच्याला जागा न ठेवता आडवं जायचं नाही, मुद्दाम वेग कमी करून मागच्यांना कोंडायचं नाही, कुणाला बाहेर ढकलत न्यायचं नाही, चाकाला चाक लावायचं नाही. ड्रायव्हरची तक्रार असेल तर ती शर्यत संपल्या संपल्या, निकाल जाहीर व्हायच्या आत करायची. आपल्याकडं तक्रार येते तिसऱ्या दिवशी, व्हॉट्सॲपवर, स्लो मोशन लावून.

तक्रार आली किंवा पंचांनाच काही दिसलं तर निकाल थांबवून चौकशी लागते, पंच व्हिडिओ बघतात, आणि दोष सापडला तर अडवणारा घोडा पहिला आलेला असला तरी ज्याला अडवलं त्याच्या मागं टाकतात. हे छोट्या-मोठ्या सगळ्यांना. २०१७ साली न्यू जर्सीच्या मेडोलँड्सवर हॅम्बलटोनियन झाली, अमेरिकेतली ट्रॉटिंग म्हणजे दुडक्या चालीच्या घोड्यांची सगळ्यात मानाची शर्यत, १९२६ पासून चालू आहे, बक्षीस दहा लाख डॉलर. त्यात ‘व्हॉट द हिल’ नावाचा घोडा सगळ्यात पुढं आला पण शेवटच्या टप्प्यात त्यानं दुसऱ्या घोड्याची वाट मोडली म्हणून पंचांनी त्याला खाली टाकलं आणि ‘परफेक्ट स्पिरिट’ला विजेता केलं. मालक अपिलात गेले, वाद झाला, पण भांडण कागदावर. आमच्याकडं दहा लाख डॉलर सोडा, बक्षिसातल्या एका बुलेटसाठी पंचांची कॉलर धरतात.

पण मला त्यातलं सगळ्यात पटलं ते वेगळंच. घोड्याचा नंबर आणि ड्रायव्हरची शिक्षा या दोन गोष्टी ते एकत्र कालवत नाहीत. नंबर लावताना अडथळ्यानं दुसऱ्याचं नुकसान झालं का एवढं बघतात, मुद्दाम केलं की चुकून झालं हा प्रश्न तिथं फार चालत नाही. ड्रायव्हरवर कारवाई करताना मात्र बेफिकिरी होती का डाव होता, आधी असं केलंय का, हे बघून दंड किंवा इतके दिवस बंदी. बंदी म्हणजे कुणाचाच घोडा हाकायचा नाही, आणि एका राज्यानं बसवलं की दुसरी राज्यं पण सहसा ते मानतात. तिकडं ड्रायव्हरला बक्षिसातला साधारण पाच टक्के वाटा मिळतो, म्हणजे घरी बसला की थेट खिशाला कात्री. आपल्याकडं दंड झालाच तर तो भरतो मालक, गाडीवान मोकळाच.

आता कुणी म्हणेल अहो, हा गावरान खेळ आहे, त्याला कसली चौकशी अन् कसली बंदी. मग कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर काय वेगळं असतं? केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगला पेठापेठांची इज्जत पणाला लागलेली असते, तरी लाल कार्ड दाखवलं की पोरगं बाहेर आणि पुढची मॅच पण बसून. आरडाओरडा होतो, पण खेळाडूला माहीत असतं की तंगडी घातली तर आपल्यालाच बसायला लागणार. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून जनावरांच्या आणि माणसांच्या खेळाचा नाद असलेलं हे गाव, रेसकोर्स नाका, साठमारी (हत्तींच्या खेळाचं मैदान) ही नावं अजून रोज तोंडात आहेत, त्या गावाला पंचाचा शब्द पाळायला जड जाऊ नये.

मोटरसायकलींचं पण त्यातच धरा. शर्यतीच्या गाडीमागनं हॉर्न वाजवत, किंचाळत जी पोरं गाड्या घालतात ती समोरच्याच्या घोड्याच्या अंगावर मुद्दाम जातात हे सगळ्यांना दिसतं. ज्या घोड्याची पोरं त्या घोड्याला मागं टाका, एका मैदानात हे केलं तर पुढच्या मैदानात मालकच पोरांना दम देईल. अजून एक बारीक गोष्ट, तिकडं गाडीच्या चाकाच्या तारांवर गोल चकती बसवतात, दुसऱ्या घोड्याचा पाय तारेत जाऊ नये म्हणून. आपल्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं तर दुपारपर्यंत करून देईल.

बैलगाडीच्या बाबतीत २०१४ ची बंदी, मग २०१७ चे राज्याचे नियम, २०२१ ला सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल, एवढं सगळं होऊन शर्यती परत आल्या. ते नियम जनावराचा छळ होऊ नये यासाठी आहेत, कलेक्टरची परवानगी, डॉक्टरचा दाखला, १००० मीटरची मर्यादा. पण गाडीवान गाडीवानाला आडवा गेला तर काय, हे गावच्या पंचांच्याच गळ्यात. म्हणून ते पंचांनीच करायला पाहिजे, सरकारची वाट कशाला बघायची?

ड्रोन प्रत्येक मैदानात असतोच, यूट्यूबवर लाइव्ह चालूच असतं, ते फुटेज निकाल द्यायच्या आधी पंचांनी दहा मिनिटं बघावं. निशाणाजवळ एक पंच कायमचा उभा करावा, कारण निम्मी भानगड तिथंच होते. आणि तालुक्यातल्या कमिट्यांनी मिळून, बंदी घालून घरी बसवलेल्या गाडीवानांची एकच यादी ठेवावी, या गावात बसवलेला त्या गावात चालणार नाही, मग तो कितीही फेमस असू दे. पोस्टरवर बक्षिसांचे आकडे आणि नेत्यांचे फोटो एवढे मोठे छापता, त्यातला एखादा फोटो कमी करून हे नियम तिथं छापा.

आपला,
एक शर्यतप्रेमी वाचक, कोल्हापूर