रंगवायचे दगड किनाऱ्यावरून नकोत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सुट्टी विशेष पानावर गेल्या आठवड्यात दगड रंगवून शोभेच्या वस्तू करण्याची कृती आली होती. दोन खोल्यांच्या घरातही जमेल, सगळा पसारा जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानावर मावेल आणि मुले तासभर मोबाइल विसरतील, असा हा उद्योग असल्याने त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र समुद्रकिनाऱ्यावरून गुळगुळीत दगड गोळा करावेत, ही त्यातली पहिलीच सूचना मुंबईत तरी कोणी पाळू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुहूला किंवा गिरगावला वाळूच वाळू आहे. दगड मिळतात ते वांद्र्याचे बँडस्टँड, कार्टर रोड, वरळी, हाजी अली अशा खडकाळ पट्ट्यांत आणि तेही ओहोटी लागल्यावर. तिथला तळहाताएवढा दगड उलटून पाहिला, तर खाली एखादा चिमुकला खेकडा अंग चोरून बसलेला दिसतो, कडेला समुद्री गोगलगायी चिकटलेल्या असतात आणि कधीकधी त्यांच्या अंड्यांचा पुंजकाही सापडतो. पाणी मागे हटल्यावर भरती येईपर्यंत उन्हापासून बचावायला या जिवांना त्या दगडाखालची ओलच काय ती असते. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील पोवळ्यांच्या वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. म्हणजे हा किनारा दिसतो तितका ओसाड नाही. एका घराने चार दगड नेल्याने फार बिघडणार नाही, हे मान्य. पण उन्हाळी शिबिराची आख्खी तुकडी पिशव्या घेऊन उतरली की गोष्ट वेगळी होते.

शिवाय समुद्रातला दगड रंगकामाला तसा बराही नाही. त्याच्या बारीक छिद्रांत खारे पाणी मुरलेले असते. दगड वाळला की मीठ पृष्ठभागावर येते आणि वरच्या रंगाचे पोपडे सुटतात.

मे महिन्यात निम्मी मुंबई कोकणात जातेच. परतताना आंब्याच्या पेटीबरोबर गावच्या रस्त्याकडेचे चार-दोन गोटे सहज येतील. ते नाही जमले, तर रोपवाटिकेत कुंड्यांसाठी पांढरे गोटे मिळतात, आणि इमारतीत कोणाच्या घराचे काम चालू असेल तर कडाप्पा किंवा संगमरवराचे तुकडे फुकट मिळतात. त्यांच्या धारदार कडा मात्र मोठ्यांनी आधी घासून द्याव्यात. दगड साबणाने आणि ब्रशने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवावा, कारण आतला ओलावा गेला नाही तर रंग धरत नाही. सच्छिद्र काळा दगड रंग पितो, म्हणून फिकट रंगांखाली पांढऱ्याचे दोन हात आधी द्यावे लागतात. वारलीसारखी नक्षी काढायची असेल तर तेवढेही नको. काळ्या दगडावर थेट पांढरा रंग खुलून दिसतो, आणि ठिपक्यांना काडेपेटीतली काडी पुरते.

रंगाबाबतही आपल्या कृतीत घरातला उरलेला कोणताही रंग चालेल, असे म्हटले होते. ते मला धोक्याचे वाटते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचा ऑइलपेंटचा डबा त्याआधीचा असेल, तर त्यात किती शिसे आहे हे डब्याकडे पाहून कळत नाही, आणि लहान मुलांची बोटे तर सारखी तोंडात जातात. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मुलांसाठीचे पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग वापरावेत. पोस्टर कलर पाण्याने निघतो, पण दगड घरातच राहणार असेल तर काही बिघडत नाही.

घरातच, असे मुद्दाम म्हणतो. रंगवलेले दगड कोणाला तरी सापडावेत म्हणून किनाऱ्यावर किंवा उद्यानात ठेवून येण्याची हौस काहींना असते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे सुकलेले प्लास्टिकच. लाटांनी घासून निघालेले त्याचे कण थेट समुद्रात जातात. सोसायटीतल्या पिंपळाखाली ठेवावा म्हटले, तर दगडाला शेंदूर फासण्याची आपली परंपरा पाहता चार दिवसांत त्याला हार आणि उदबत्तीही मिळायची! त्यापेक्षा तो कुंडीत ठेवावा, कागदांवर वजन म्हणून वापरावा किंवा आजीला भेट द्यावा.

येत्या आठवड्याच्या पानावर दगड कुठून आणावेत आणि रंग कोणता वापरावा, या दोन्ही सूचनांची दुरुस्ती ठळक चौकटीत छापावी, ही विनंती. शाळा सुरू होईपर्यंत शिबिरे चालू राहणार आहेत.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई