बल्ब लावून दाखवता, मग गेम का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात भवानी पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १९८६ साली सुरू केलं, तेव्हा लाकडी खोक्यातले ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही यायचे. आता पॅनेलचे येतात, आणि शाळांना सुट्टी लागली की टीव्हीच्या आधी गेम येतात. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, सोबत एखादी वायर, आणि आईच्या मागं हिरमुसून उभं राहिलेलं पोर. "काका, हे टीव्हीला लागत नाही." या उन्हाळ्यात एक आठवडा असा गेला नाही की असं कुणी आलं नाही. यातल्या बहुतेकांचा गेम बिघडलेला नसतो. विकताना त्यांना कुणी धड काही सांगितलेलं नसतं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

एप्रिलमध्ये कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक अक्का आल्या. विड्या वळून साठवलेल्या पैशातून मुलांना गेम घेतला होता. लाल रंगाचा, तळहाताएवढा, वर 'चारशे गेम' लिहिलेला. "दोघं पोरं आहेत अण्णा. एवढ्याशा काचेवर दोघं कसं बघणार? रोज भांडण. टीव्हीला लागतंय म्हणून सांगितलं की त्यानं, म्हणून तर घेतलं." खोक्यावर खरोखरच टीव्हीचं चित्र छापलेलं होतं. आत एक वायर होती. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला एक पिवळी आणि एक पांढरी पिन.

मी तो गेम आधी माझ्या तपासणीच्या टीव्हीला लावला. त्याच्या मागं एक काळं भोक आहे, 'एव्ही इन' लिहिलेलं, म्हणजे बाहेरचं चित्र आणि आवाज आत घ्यायचं. त्यात एक शेपटी, म्हणजे आखूड जोडवायर, घालावी लागते, मग तिच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तोंडांत गेमच्या पिना बसतात. या शेपट्या दिसायला सगळ्या सारख्या, पण तिच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात आणि त्यांच्यामधल्या चार पट्ट्यांवर चित्र, डावा आवाज, उजवा आवाज आणि ग्राउंड कोणत्या क्रमानं जोडायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. माझ्या ड्रॉवरमधली पहिली शेपटी लावली तर नुसतं गुरगुरणं. मल्टिमीटर लावून बघितलं, ग्राउंडच भलतीकडं होतं. दुसरी लावली, तेव्हा पिवळी पिन लाल तोंडात घातल्यावर चित्र आलं. धाकटा उड्या मारायला लागला. म्हणजे गेम चांगला होता, वायरही चांगली होती.

मग थोरल्यानं आईच्या मोबाइलवर त्यांच्या घरच्या टीव्हीच्या पाठीचा फोटो दाखवला. फार शहाणा मुलगा. फोटो मोठा करून पाहिला. एचडीएमआयची, म्हणजे चित्र-आवाज एकाच वायरीतून घेणारी नव्या पद्धतीची चपटी, दोन भोकं, एक यूएसबी, एक अँटेनाचं. एव्हीचं नाहीच. हल्लीच्या बऱ्याच नव्या टीव्हींत ते देतच नाहीत. त्या घरात तो गेम वायरीसकट कितीही वेळा लावला असता तरी लागला नसता, कारण लावायला जागाच नव्हती.

उपाय आहे. एक छोटी डबी मिळते, ती एव्हीचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलून देते. मी चिठ्ठीवर 'कन्व्हर्टर' असं लिहून दिलं, आणि इथं माझी चूक झाली. ही डबी दोन जातींची असते. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही. आकार तोच, रंग तोच, फरक फक्त वरच्या बारीक अक्षरांचा. नवीन एचडीएमआयवाला सेट टॉप बॉक्स जुन्या टीव्हीला लावायला लोक दुसरी घेतात. अक्कांना दुकानातून दुसरीच मिळाली. भर उन्हात कुंभारीला परत गेल्या, लावून बघितली, काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा माझ्या दारात. त्या दिवशीची मजुरी गेली, रिक्षाचं भाडं गेलं. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण मला फार वाईट वाटलं. मी नीट लिहून दिलं असतं तर ती फेरी वाचली असती.

म्हणून ती डबी बदलून आणायला मी स्वतः नव्या पेठेत गेलो. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलंय, परत घेता येत नाही. मी म्हटलं, पाकीट फोडल्याशिवाय कळणार कसं? बोलाचाली चालू होती तेवढ्यात शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक माणूस एलईडी बल्ब घ्यायला आला. दुकानदारानं बल्ब खोक्यातून काढला, काउंटरवरच्या होल्डरमध्ये घातला, लावून दाखवला, विझवला, टोपीवर पेनानं तारीख टाकली आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात दिला. गिऱ्हाइकानं मागितलं नव्हतं. ती आपल्याकडची रीतच आहे. मी लहान होतो तेव्हाही बल्ब असाच मिळायचा.

शंभराच्या आतल्या बल्बला ही रीत आहे, आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा गेम मात्र खोकंही न उघडता पिशवीत जातो. हे बदलायला काय लागतं? काउंटरवर एक टीव्ही हवा, आणि तो बहुतेक दुकानांत असतोच, त्यावर जाहिराती चालू असतात. त्याच टीव्हीला गेम लावून दाखवा आणि मग पैसे घ्या. 

पूर्वी आपल्या गावात असंच चालायचं. नव्वदच्या दशकात कॅसेटवाले गेम आले तेव्हा दुकानदार चौदा इंची टीव्ही समोर ठेवायचा, गेमची वायर अँटेनाच्या भोकात घालायचा, चॅनल फिरवून चित्र पकडायचा, गिऱ्हाइकाच्या मुलाला पाच मिनिटं खेळू द्यायचा आणि मग बांधून द्यायचा. टीव्हीला तेव्हा ते एकच भोक होतं, त्यामुळे फसगत कमी. कुणी परदेशातून गेम आणला तरच अडायचं. आपल्याकडचं तेव्हाचं प्रसारण पाल पद्धतीचं, ६२५ रेघांचं. अमेरिका-जपानकडचं एनटीएससी, ५२५ रेघांचं. तिकडचा गेम इथल्या टीव्हीवर काळापांढरा दिसायचा किंवा चित्र वर वर सरकत राहायचं. आजही स्वस्तातल्या गेमचं चित्र रंगाशिवाय आलं तर टीव्हीच्या मेनूत जाऊन कलर सिस्टीम 'ऑटो' करून बघावी. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं.

महागड्या गेमवाल्यांची गत याहून वेगळी नाही. जुळे सोलापूरहून एक कॉलेजचा मुलगा आला होता. मामानं परदेशातून निंटेंडो स्विच लाइट हा हातात धरायचा गेम पाठवलेला. त्यानं टाइप सी टू एचडीएमआय केबल घेतली, चालली नाही. दुसरी, आणखी महाग घेतली, तीही नाही. दोन केबलींचे पैसे घालून माझ्याकडं आला. त्याला सांगताना मलाच जड गेलं, की लाइट हे मॉडेल टीव्हीला लागतच नाही. २०१७ चा मूळ स्विच लागतो, २०१९ साली आलेला लाइट फक्त हातात खेळायचा, त्यात टीव्हीकडं चित्र पाठवायची सोयच ठेवलेली नाही. जगातली कुठलीही केबल आणली तरी उपयोग नाही. केबल विकणाऱ्या दोघांपैकी एकानंही "कुठलं मॉडेल?" एवढं विचारलं नव्हतं.

मूळ स्विचलाही नुसती केबल चालत नाही. तो डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्याच्या बैठकीत, बसवावा लागतो, आणि डॉकला त्याचा स्वतःचा अडॅप्टर लागतो, १५ व्होल्ट २.६ अँपियरचा. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर लावला तर बॅटरी हळूहळू चार्ज होईल, पण टीव्हीवर चित्र येणार नाही. २०२५ साली आलेल्या स्विच २ ला तर जुना डॉकही चालत नाही. या उलट २०२२ चा स्टीम डेक हा दुसऱ्या कंपनीचा गेम साध्या टाइप सी टू एचडीएमआय अडॅप्टरवर लगेच लागतो. लोकांचा गोंधळ होतो तो इथंच. खालचं भोक सगळ्यांचं एकच, टाइप सी. पण त्या भोकातून चित्र बाहेर पाठवायचं की नुसती वीज आत घ्यायची, हे आतली चिप ठरवते. चित्र पाठवायच्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. स्वस्तातल्या मोबाइलमध्ये ती सहसा नसते आणि त्यामुळे तीच केबल एका घरात चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही.

काही नव्या गेमना मिनी एचडीएमआय असतं. टीव्हीच्या मागची एचडीएमआय पिन साधारण १४ मिलिमीटर रुंद, मिनी १० ची, मायक्रो ६ ची. नुसतं "एचडीएमआय द्या" म्हटलं की मोठीच मिळते. आणि सगळं लागल्यावर "बटण दाबलं की उडी उशिरा मारतोय" अशी तक्रार घेऊन कुणी येतं. तो गेमचा दोष नव्हे. टीव्ही प्रत्येक चित्र रंगरंगोटी करून दाखवतो, त्यात वेळ जातो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करा.

कुणी म्हणेल, मुलांच्या खेळण्यासाठी एवढं कशाला? मला यात खेळण्यापेक्षा मोठं काही दिसतं. मूल तो गेम डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून, पांघरुणात तोंड खुपसून खेळतं. तोच गेम टीव्हीवर आला की ते सहा फूट लांब बसतं, भाऊ-बहीण शेजारी बसतात आणि पोर काय खेळतंय, किती वेळ खेळतंय हे स्वयंपाक करणाऱ्या आईला दिसतं. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंशांत दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. घरात असतील तर निदान डोळ्यांसमोर, एकत्र असावीत.

आणखी एक. २०१२ सालच्या सरकारी आदेशानं ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची केली, त्यांत व्हिडिओ गेमही आहेत. खोक्यावर तो शिक्का आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक हवा. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीही हवी. अक्कांच्या लाल गेमच्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं. बिलही नव्हतं, कोऱ्या कागदावर आकडा लिहिलेला होता. पालकांनी बिल मागावंच. त्यावर 'टीव्हीला लागतो' एवढे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्यावेत. मग न लागल्यास ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलायला हातात काहीतरी असतं.

शहरातल्या व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे. ज्या गेमच्या खोक्यावर टीव्हीचं चित्र आहे, त्याच्यावर मराठीत एक पट्टी चिकटवा: टीव्हीला लागतो की नाही, आणि कुठल्या भोकात. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत, त्यांच्यासाठी त्या भोकाचं चित्रच काढा. पिवळा गोल म्हणजे एव्ही, चपटं तोंड म्हणजे एचडीएमआय. शाळा सुटलेल्या पोरालाही कळेल.

अक्कांच्या घरी मी बदललेली डबी घेऊन गेलो होतो. ती टीव्हीच्या एचडीएमआयला लावली, तरी काही येईना. मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती. मग लक्षात आलं, या डबीला वीज लागते. तिची छोटी वायर टीव्हीच्याच यूएसबी भोकात घातली, डबीवर लाल दिवा लागला आणि पडदाभर चित्र आलं. अक्का सुपात तंबाखू घेऊन तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात विड्या वळत होते आणि नजर टीव्हीवर होती. "आता बघा, कोण जिंकतंय ते मलाच कळंल," म्हणाल्या.

जून उजाडेपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक मी दुकानात तपासणीचा टीव्ही, सगळ्या शेपट्या आणि दोन्ही जातींच्या डब्या मांडून बसणार आहे. गेम घेतलेला असो वा घ्यायचा असो, कुणीही येऊन विचारावं, पैसे घेणार नाही. फक्त येताना घरच्या टीव्हीच्या पाठीचा फोटो मोबाइलवर काढून आणा.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर
भवानी पेठ, सोलापूर