वकीलताई, तुम्ही मला कुलूप लावू दिलं नाहीत

आदरणीय वकीलताई,

काल माझ्या भाडेकरूंनी थकबाकीचा शेवटचा हप्ता जमा केला आणि संध्याकाळी गाळ्याच्या किल्ल्याही हातात आल्या. पावती लिहिताना तुमचीच आठवण झाली.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पिशवीत नवं कोरं कुलूप होतं. 7 महिन्यांचं भाडं थकलेलं, विजेची 3 बिलं तशीच पडलेली. मीटर माझ्या नावावर, म्हणून वीज तोडण्याची नोटीसही मलाच. घराचा हप्ता त्याच भाड्यातून जायचा. शटर पाडायचं आणि फ्यूज काढून आणायचा, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही ते कुलूप काढून टेबलावर ठेवायला लावलंत. म्हणालात, "हे लावलंत तर उद्या नुकसानभरपाई भाडेकरूच तुमच्याकडे मागतील. ताबा घ्यायचा तो रीतसर."

मग करारनामा उघडलात. विजेचं बिल मीटरप्रमाणे भाडेकरूने भरायचं, असं कलम होतं. पाण्याचा उल्लेखच नव्हता. सही करताना मी ते वाचलंच नव्हतं. तुम्ही आखीव कागदावर भाडं, वीज, पाणी असे वेगळे रकाने पाडलेत. मधे दोनदा त्यांनी थोडे पैसे रोख दिले होते, ते मी कुठेच लिहिले नव्हते. तुम्ही ते सर्वांत जुन्या महिन्याच्या भाड्यात जमा धरलेत, पाण्याची रक्कम पेन्सिलीने खोडलीत, आणि मी महिनाभर फोनवर सांगत होते तो आकडा खाली आला. मला वाईट वाटलं. पण नोटिशीत हाच हिशेब गेला आणि त्यातल्या एकाही ओळीवर वाद झाला नाही.

ते भेटायला आले, तो दिवस मी विसरणार नाही. धंदा बसला होता, माणूस थकून गेला होता. त्यांनी 3 हप्त्यांत सगळं फेडतो म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, "जमेल तेवढंच बोला." 5 हप्ते ठरले. थकबाकीच्या कबुलीवर सही करताना त्यांचा हात दोनदा थांबला आणि तुम्ही अजिबात घाई केली नाहीत. डिपॉझिट त्यात वळतं करू नका, ते शेवटच्या बिलासाठी आणि मोडतोडीसाठी राहू द्या, हेही तुम्हीच बजावलंत.

काल आम्ही दोघं मीटरसमोर उभे राहिलो, रीडिंगचा फोटो काढला, आकडा कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. शेवटचं बिल आलं की ते वजा करून उरलेलं डिपॉझिट त्यांना परत देणार आहे. जाताना त्यांनी नमस्कार केला. मी कुलूप लावलं असतं तर आमची भेट थेट कोर्टातच झाली असती.

ताई, तुम्ही फी फक्त नोटिशीची घेतलीत. बाकीचे ते तास मी मनात जपून ठेवले आहेत.

ते कुलूप अजून तुमच्याच ऑफिसात आहे. उद्या न्यायला येते. गाळा रिकामा आहे, आता ते लागेल.

तुमची ऋणी,
एक गाळामालकीण